मार्कर 'हो' म्हणतो, पण वास येत नाही: सुवासिक भाताच्या पैदाशीत मार्करला काय विचारायचं आणि काय नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बासमती गटातला दाता (गुण देणारा वाण) घेऊन त्याचा सुवास तुमच्या भरघोस उत्पादन देणाऱ्या, पण बिनवासाच्या वाणात आणायचा आहे. या वाणात जीवाणूजन्य करप्याला प्रतिकार करणारी एक्सए13 आणि एक्सए21 ही जनुकं आधीपासून आहेत आणि ती जाऊ द्यायची नाहीत. बीसी1एफ1 मधली (पहिला बॅकक्रॉस: दाता आणि तुमचा वाण यांच्या संकराची पहिली पिढी, म्हणजे एफ1, पुन्हा तुमच्या वाणाशी जुळवून आलेली) जवळपास निम्मी झाडं मार्करने, म्हणजे जनुकाची ठरावीक प्रत ओळखणाऱ्या डीएनए चाचणीने, वाहक (सुवासाची एक प्रत असलेली) ठरली, पण एकाच्याही पानाला वास नाही. दुसऱ्या एका संकरातल्या काही ओळी (एकेका झाडापासून पुढे वाढवलेली संतती) मार्करने पक्क्या सुवासिक ठरल्या, तरी त्यांचा भात शिजवल्यावर जेमतेम दरवळतो. म्हणून मार्करच चुकीचा असावा, अशी शंका तुम्हाला येतेय.

मार्कर बहुधा बरोबर आहे. एका विशिष्ट जनुकात बिघाड आहे की नाही आणि असला तर एका प्रतीत की दोन्ही प्रतींत, एवढंच तो सांगतो. वास किती येईल हे त्याच्या हाती नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की तुमच्या बऱ्याच अडचणींचा उलगडा होतो.

आधी जनुकाचं काम बघू. भाताच्या 8व्या गुणसूत्रावर बीएडीएच2 नावाचं जनुक आहे. त्यातून बनणारं विकर गामा-अमिनोब्युटिराल्डिहाइड या पदार्थाचं रूपांतर गाबा नावाच्या दुसऱ्या पदार्थात करतं. विकर चालू असेल तोवर तो पदार्थ साठत नाही. विकर बंद पडलं की तो साठतो आणि त्यातून 2-असेटिल-1-पायरोलीन तयार होतं. प्रयोगशाळेत सगळे त्याला टू-एपी म्हणतात आणि सुवासिक तांदळाचा ओळखीचा वास मुख्यतः त्याचाच. बासमती आणि थायलंडचा खाओ डॉक माली 105 या दोन्हींत बिघाड एकच आहे: जनुकाच्या 7व्या एक्सॉनमध्ये (प्रथिनाचा संकेत असलेल्या तुकड्यात) 8 बेस, म्हणजे डीएनएची अक्षरं, गळालेले आणि जवळच तीन ठिकाणी अक्षरबदल. त्यामुळे मधेच थांबण्याची खूण येते आणि प्रथिन अर्धवट राहतं. हे 2005 मध्ये ब्रॅडबरी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. त्यांचाच चार प्रायमरचा (डीएनएचा हवा तो भाग वाढवण्यासाठी लागणाऱ्या छोट्या तुकड्यांचा) मार्कर आजही बहुतेक ठिकाणी वापरात आहे.

म्हणजे सुवास येतो तो काम बंद पडल्यामुळे. एक प्रत जरी धड असली तरी विकर पुरेसं बनतं आणि वास येत नाही. बिनवासाच्या वाणाशी केलेल्या बॅकक्रॉसमध्ये प्रत्येक झाडाला एक धड प्रत मिळतेच, त्यामुळे बीसी1एफ1 मधलं एकही झाड सुवासिक असू शकत नाही. तुमच्या पानांना वास नाही हा निकाल अगदी अपेक्षित आहे. उलट एखाद्या झाडाला वास आला असता तर काळजी करावी लागली असती, कारण त्याचा अर्थ संकर झालाच नाही, एफ1 झाड मादी म्हणून वापरलं होतं आणि त्याचं स्वपरागित बी आलं. म्हणून तुमचा मूळ वाण मादी आणि एफ1 नर ठेवा. फुलोऱ्यात पुंकेसर काढताना एखादा राहून गेला तर जे बी बनेल ते निव्वळ तुमच्या वाणाचं असेल, मार्करमध्ये वाहक नसलेलं दिसेल आणि आपोआप बाद होईल. उलट्या दिशेने संकर केला तर तीच चूक चाळणीतून सुटून पुढच्या पिढीत शिरते.

दाण्यांच्या बाबतीत आणखी एक गोंधळ होतो. वाहक झाडावर आलेला प्रत्येक दाणा पुढच्या पिढीचा असतो. बीसी1एफ1 झाडाच्या लोंबीत साधारण चारातला एक दाणा दोन्ही बिघडलेल्या प्रती घेऊन येतो. मूठभर तांदूळ एकत्र शिजवला तर फिका वास येतो आणि माणूस म्हणतो, 'झाड अर्धं सुवासिक आहे'. तसं काही नसतं. सुट्टे दाणे एकेक करून चावून पाहा, फरक लगेच कळतो.

मार्कर तुमच्या दात्यासाठी योग्य आहे ना?

पहिल्या संकराच्या आधी करायचं हे काम बऱ्याच ठिकाणी राहून जातं. 8 बेसची तूट सर्वांत जास्त आढळते हे खरं, पण बीएडीएच2 बिघडण्याची तीच एक वाट नाही. काही चिनी वाणांत 2ऱ्या एक्सॉनमध्ये 7 बेस गळालेले आहेत, काहींत 4थ्या आणि 5व्या एक्सॉनच्या पट्ट्यात सुमारे 800 बेसचा तुकडाच नाही. अशा दात्याच्या 7व्या एक्सॉनवर चार प्रायमरचा मार्कर लावला तर तो झाडाला बिनवासाचं ठरवतो, कारण त्याची नजर फक्त 7व्या एक्सॉनवर असते. मग तुम्ही नेमकी नको ती झाडं निवडत जाता. बासमती गटातल्या ओळखीच्या वाणांत हा धोका कमी आहे. दाता एखादा पारंपरिक, बारीक किंवा आखूड दाण्याचा सुवासिक वाण असेल तर मात्र आधी तपासाच. दाता, तुमचा वाण आणि दोघांचा एफ1 यांचे नमुने एकाच जेलवर (डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर) चालवा. दात्यात सुवासाची पट्टी दिसली नाही तर जनुकाचा क्रम वाचून घ्या आणि त्या तुटीसाठी वेगळे प्रायमर बनवा. क्रम वाचण्याची सोय नसेल तर एक जुना मार्ग आहे: दात्याचा खात्रीच्या बासमतीशी संकर करा. एफ1 ला वास आला तर बिघाड त्याच जनुकात आहे, तूट वेगळी असली तरी.

जेलवर काय बिनसतं

चार प्रायमरच्या मार्करमध्ये साधारण 580 बेसची पट्टी सगळ्यांत येते, ती अभिक्रिया झाल्याची खूण. बिनवासाच्या प्रतीसाठी 355 आणि सुवासाच्या प्रतीसाठी 257. हेटरोझायगस, म्हणजे दोन्हींची एकेक प्रत असलेल्या, झाडात दोन्ही यायला हव्यात. 10 मायक्रोलिटरच्या अभिक्रियेत 20 ते 50 नॅनोग्रॅम डीएनए पुरतो, प्रायमर चिकटण्याचं तापमान 58 अंश ठेवा आणि 2 टक्के अगारोजच्या जेलवर चालवा.

सर्वांत घातक चूक हेटरोझायगस झाड ओळखण्यात होते. लहान तुकडा लवकर वाढतो, म्हणून 257 ठळक येते आणि 355 इतकी फिकी की घाईत दिसत नाही. झाड सुवासिक म्हणून नोंदवलं जातं आणि पुढच्या पिढीत काही झाडं सुवासिक, काही बिनवासाची निघतात. तुमच्या 'पक्क्या' ओळींपैकी काही इथेच फसल्या असण्याची शक्यता मला बरीच वाटते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक जेलवर दाता, तुमचा वाण, एफ1 आणि डीएनएशिवायचं पाणी हे चार नमुने असलेच पाहिजेत. एफ1 ची 355 पट्टी स्वच्छ दिसत नसेल तर त्या जेलवरचा कुठलाच निकाल धरू नका. 257 देणाऱ्या आतल्या प्रायमरचं प्रमाण थोडं कमी करून पाहा. फक्त 580 आली आणि आतली एकही नाही, तर तो निकाल 'बिनवास' म्हणून लिहू नका, नमुना पुन्हा चालवा. जाड, चिकट डीएनए हे नेहमीचं कारण. जुन्या पानाऐवजी 15 ते 20 दिवसांच्या रोपाचं कोवळं पान घेतलं की ही अडचण बरीच कमी होते.

काही जण फक्त त्या 8 बेसच्या फरकावर बेतलेले दोन प्रायमर वापरतात. त्यात हेटरोझायगस झाड जास्त भरवशाने कळतं, पण 8 बेसचा फरक 2 टक्के अगारोजवर दिसत नाही. त्यासाठी 8 टक्के अॅक्रिलअमाइड किंवा बारीक तुकड्यांसाठीचं 4 टक्के अगारोज लागतं. शेवटच्या पिढीत, ओळ पक्की करताना, मी दोन्ही मार्कर लावण्याच्या मताचा आहे. खर्च थोडा वाढतो, पण चुकीची ओळ दोन हंगाम वाढवण्यापेक्षा तो कमीच.

किती झाडं लागतील

इथे तुमच्या वाणातलं एक्सए13 मोठा पेच निर्माण करतं. एक्सए13 सुद्धा 8व्या गुणसूत्रावरच आहे, बीएडीएच2 पासून साधारण 6 मेगाबेस (60 लाख बेस) अंतरावर. भातात सरासरी अडीच लाख बेसला 1 सेंटिमॉर्गन (साधारण एक टक्का अदलाबदल होण्याइतकं अंतर) धरला तर हे अंतर 25 सेंटिमॉर्गनच्या आसपास येतं. तुमच्या वाणाच्या गुणसूत्रावर रोगप्रतिकाराची प्रत आणि बिनवासाची प्रत एकत्र बसल्या आहेत. दात्याच्या गुणसूत्रावर सुवासाची प्रत आणि रोगाला बळी पडणारी प्रत. तुम्ही फक्त सुवासाच्या मार्करवर निवड करत गेलात तर सुवासाबरोबर रोगाला बळी पडणारी प्रतही ओढली जाते. त्यात एक्सए13 हे सुप्त जनुक. दोन्ही प्रती प्रतिकाराच्या नसतील तर त्याचा उपयोगच नाही. शेवटी हाती सुवासिक पण करप्याने वाळणारी ओळ येते आणि दोष मार्करवर जातो.

हीच अडचण उलट दिशेनेही असते. पुसा बासमती 1 मध्ये आयआरबीबी55 या दात्यापासून एक्सए13 आणि एक्सए21 आणताना दात्याची बिनवासाची प्रत एक्सए13 सोबत येण्याचा धोका होताच. 2007 मध्ये आलेला सुधारित पुसा बासमती 1 हा त्याच कामाचा परिणाम. तेव्हा गाठ सुटते, फक्त ती सोडवायची म्हणून आधीच ठरवायला हवं.

बीसी1एफ1 मध्येच सुवास आणि एक्सए13 दोन्हींचे मार्कर लावा. तुम्हाला हवं ते झाड असं: सुवासाला हेटरोझायगस, पण एक्सए13 ला तुमच्या वाणासारखं होमोझायगस (दोन्ही प्रती सारख्या). म्हणजेच दोन जनुकांच्या मधे गुणसूत्राची अदलाबदल झालेली. वाहक झाडांत असं साधारण चार-पाचांत एक मिळतं, त्यामुळे 20 वाहक असले तरी हाताशी तीन-चार झाडं यावीत. एकदा असं झाड मिळालं की एक्सए13 ची चिंता संपली, कारण पुढचे सगळे संकर तुमच्याच वाणाशी आहेत. एक्सए21 हे 11व्या गुणसूत्रावर असल्यामुळे सुवासाशी त्याची गाठ नाही. त्यासाठी पीटीए248 हा मार्कर लावून बीसी1 मध्येच दोन्ही प्रती असलेली झाडं ठेवता येतात. वाहकांत ती निम्मी असतात.

सुवासाच्या दुसऱ्या बाजूचा नको असलेला तुकडाही तोडायचा आहे. जनुकापासून 5 सेंटिमॉर्गनवर एक शेजारी मार्कर घेतला, तर त्या पट्ट्यात अदलाबदल झालेलं निदान एक झाड 95 टक्के खात्रीने मिळायला 59 वाहक लागतात, म्हणजे जवळपास 120 रोपं. 2 सेंटिमॉर्गनवरचा मार्कर घेतला तर 149 वाहक, म्हणजे 300 रोपं. सगळं एकाच पिढीत साधायला जाऊ नका. बीसी1 मध्ये एक्सए13 च्या बाजूची तोड, बीसी2 मध्ये दुसऱ्या बाजूची, असं केलं तर माणसाच्या आवाक्यात राहतं.

उरलेल्या गुणसूत्रांवर तुमच्या वाणाचा वाटा बॅकक्रॉसने सरासरी 75, मग 87.5, मग 93.75 टक्के असा वाढतो. पण ही सरासरी आहे, प्रत्यक्षात झाडागणिक मोठा फरक असतो. प्रत्येक गुणसूत्रावर दोन्ही पालकांत वेगळे दिसणारे पाच-सहा मार्कर, म्हणजे एकूण 60 ते 70, घेऊन निवड केली तर बीसी2 मध्येच बीसी3 च्या तोडीची झाडं सापडतात. मात्र हे मार्कर सगळ्या रोपांवर लावू नका. आधी सुवास, मग एक्सए13 आणि एक्सए21, मग शेजारी मार्कर, आणि यातून जी आठ-दहा झाडं उरतील त्यांच्यावरच हे पार्श्वभूमीचे (उरलेल्या गुणसूत्रांचे) मार्कर.

वेळेचं गणित सांभाळा. रोप 20 दिवसांचं असताना पान तोडायचं, लावणीआधी पहिला निकाल हाती हवा. पार्श्वभूमीचे निकाल झाड पोटरीत येण्यापूर्वी हवेतच. निकाल उशिरा आला तर चांगलं झाड फुलून जातं आणि तुम्ही दुय्यम झाडावर संकर करत बसता. पेरणी दहा-दहा दिवसांच्या तीन टप्प्यांत केली तर दोन्ही पालकांचा फुलोरा जुळवायला वाव मिळतो.

मार्करचा खरा फायदा इथेच आहे. सुप्त जनुक डोळ्यांनी किंवा नाकाने शोधायचं तर प्रत्येक बॅकक्रॉसनंतर एक पिढी स्वपरागणाने वाढवून वास तपासावा लागतो. मार्करने ती पिढी वाचते. बीसी2 किंवा बीसी3 नंतर स्वपरागण केलं की चारातलं एक झाड होमोझायगस सुवासिक. 17 रोपांत निदान एक मिळण्याची शक्यता 99 टक्के. पण एवढ्यावर थांबू नका, 150 ते 200 रोपं वाढवा. उंची, फुलोरा, लोंबी आणि दाणा यांत निवड करायला पर्याय हवेतच.

पक्की ओळ, तरी वास फिका

आता तुमचा दुसरा प्रश्न. हेटरोझायगस झाडाची चुकीची नोंद हे कारण आधी बाजूला सारा. प्रत्येक ओळीतली 10 झाडं वेगवेगळी तपासा, एकत्र केलेला डीएनए नको. सगळी 257 दाखवत असतील तर कारण जनुकाबाहेर आहे.

दाणे भरताना रात्री गरम असतील तर टू-एपी कमी बनतं. तुमची ओळ दात्यापेक्षा 15 दिवस आधी निसवत असेल तर तिचे दाणे वेगळ्या हवेत भरले. मग दात्याशी तुलना करणं न्यायाचं नाही. दोन्हींचा निम्मा फुलोरा एकाच आठवड्यात येईल अशी पेरणी करा, पुढच्या 30 दिवसांचं रात्रीचं तापमान लिहून ठेवा आणि मगच वासाची तुलना करा. कापणीला उशीर, कडक उन्हात किंवा गरम हवेत वाळवणं आणि लांबलेली साठवण या तिन्हींमुळे वास उडतो, कारण पदार्थच उडून जाणारा. तपासणीचे नमुने सावलीत वाळवा, 12 ते 13 टक्के ओलाव्यावर आणा, हवाबंद करून थंड जागी ठेवा आणि सगळ्यांची तपासणी एकाच दिवशी करा.

हे सगळं सारखं ठेवूनही काही ओळी मागे पडत असतील तर ते पार्श्वभूमीचं देणं समजा. वासाची तीव्रता वाढवणारे काही पट्टे 3ऱ्या आणि 4थ्या गुणसूत्रांवर आढळले आहेत. त्यांचा परिणाम लहान आणि संकरागणिक बदलणारा असतो. तुमच्या वाणाची पार्श्वभूमी 95 टक्क्यांवर नेताना दात्याचे ते पट्टे तुम्ही स्वतःच पुसून टाकता. त्यांच्यामागे मार्कर घेऊन धावण्यापेक्षा थोड्या वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या पाच-सहा ओळी शेवटपर्यंत जिवंत ठेवा आणि निवड वासावर करा.

वास तपासायची साधी पद्धत अशी. 2 ग्रॅम पान बारीक कापून काचेच्या ताटलीत 1.7 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या 10 मिलिलिटर द्रावणात टाका, झाकण ठेवून 10 मिनिटांनी उघडून हुंगा. तीन माणसं, नावं झाकलेले नमुने, प्रत्येक फेरीत एक सुवासिक आणि एक बिनवासाचा माहीत असलेला नमुना. आठ-दहा नमुन्यांनंतर नाक थकतं आणि सगळंच सारखं वाटू लागतं, तेव्हा मधे विश्रांती घ्या. ही पद्धत आहे किंवा नाही एवढंच नीट सांगते. तीव्रतेसाठी शेवटच्या ओळींचा तांदूळ गॅस क्रोमॅटोग्राफीने मोजून घ्या. सुवासिक तांदळात टू-एपी साधारण 40 ते 90 भाग प्रति अब्ज आणि बिनवासाच्या तांदळात 10 पेक्षा कमी, असे आकडे जुन्या मोजमापांत आले होते. यंत्र आणि पद्धत बदलली की आकडे बदलतात, म्हणून तुमचा दाता त्याच फेरीत मोजलेला हवा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण एक गोष्ट ठरवून घ्या: तुम्हाला तुमचाच वाण सुवासिक हवा आहे की बासमतीसारखा तांदूळ? फक्त बीएडीएच2 आणलं तर दाण्याची लांबी, शिजल्यावरचा मऊपणा आणि लांबी वाढण्याचा गुण जसाच्या तसा तुमच्या वाणाचा राहतो. तुमच्या वाणात अमायलोज (स्टार्चचा एक घटक) 27-28 टक्के असेल तर भात सुवासिक होईल, पण गार झाल्यावर कडक. बासमतीत ते 20 ते 25 टक्क्यांच्या दरम्यान असतं. तसा भात हवा असेल तर 6व्या गुणसूत्रावरच्या, अमायलोज ठरवणाऱ्या वॅक्सी जनुकासाठी आरएम190 आणि 3ऱ्या गुणसूत्रावरच्या दाण्याच्या लांबीसाठी जीएस3 चा मार्कर बीसी1 पासूनच सोबत घ्यावा लागेल. एवढे गुण एकत्र आणायचे झाले तर बहुतेक वेळा दिशा उलटवणं स्वस्त पडतं. बासमती हा मूळ वाण ठेवून त्यात रोगप्रतिकार आणि बुटकेपणा आणायचा.

तुमच्या हातातल्या बीसी1एफ1 बद्दल सांगायचं तर झाडं अजून पोटरीत आली नसतील तर याच आठवड्यात सगळ्या वाहकांवर एक्सए13 आणि पीटीए248 चालवा. वर सांगितलेलं, सुवासाला हेटरोझायगस आणि एक्सए13 ला होमोझायगस असं एखादं झाड निघालं तर त्याच्यावरच बीसी2 करा, बाकीच्यांवर मेहनत घालू नका. असं एकही झाड निघालं नाही तर घाईने बीसी2 करू नका. एफ1 चं बी शिल्लक असेल तर ते पुन्हा लावून बीसी1 मोठ्या संख्येने करा. दुसऱ्या संकरातल्या फिक्या वासाच्या ओळींचे जेलचे फोटो आणि दोन्ही पालकांच्या फुलोऱ्याच्या तारखा पाठवल्यात तर नेमकं कुठे बिनसलं ते सांगता येईल.